उसाचे बिल वर्षाचे, बाजार मात्र आठवड्याचा

या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याचे व्यवस्थापन यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. किराणा आणि आठवड्याचा बाजार हा काय ऊस विकास विभागाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. आम्हालाही तसेच वाटत होते. पण गेल्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर एक प्रसंग घडला आणि आमचे मत बदलले.

त्या वेळी पुढच्या हंगामाचा अंदाज काढण्यासाठी आम्ही चिटबॉयला बरोबर घेऊन प्लॉट बघत फिरत होतो. एका सभासदाची ५० गुंठे सुरू लागण नोंदीला होती. ऊस दृष्ट लागण्यासारखा होता. पण बांधाकडेचा एक कोपरा, तीनेक गुंठ्यांचा, साफ मोकळा दिसला. रानडुकराचे काम म्हणावे तर बुडखे कोयत्याने तोडलेले. विचारले तर सभासद मान खाली घालून म्हणाले, "चाऱ्याला दिला साहेब."

आम्ही तिथल्या तिथे हिशेब सांगितला. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला एक टन. म्हणजे तीन गुंठ्यांत हंगामाला तीन टन ऊस झाला असता. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती येतात असे धरले तर ८,१०० रुपये. चाऱ्याचे आले ३,५००. "चार-पाच महिने कळ काढली असती तर ४,६०० रुपये जादा मिळाले असते," असे आम्ही जरा चढ्या आवाजातच बोललो. एवढ्यात घरातून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी काही न बोलता किराणा दुकानाची उधारीची वही आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, गौरी-गणपती चार दिवसांवर आलेत. दुकानदारानं हात वर केलेत. म्हैस आटलीया, दुधाचं बिल बंद. मग कोपरा न्हाई तोडायचा तर काय करायचं, तुमीच सांगा."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे आम्ही सभासदांना एकरी टनेज वाढवायला सांगत आलो, पण त्या टनेजवर घर आठवड्याला कसे चालते हे कधी विचारले नाही. त्या दिवशी पुढचे प्लॉट सोडले आणि ओसरीवर बसून ती वही वाचली. वहिनी दहावी झालेल्या. आकडे त्या सांगत होत्या, बेरीज आम्ही करत होतो. त्यांची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, त्या वहीत काय निघाले ते इथे देत आहोत.

वहीत काय निघाले

घरात माणसे पाच. नवरा-बायको, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले. वही एप्रिलपासून सुरू झालेली.

पहिली गोष्ट साखरेची. वहीत दर आठवड्याला साखर लिहिलेली होती, कधी अर्धा किलो, कधी पाव किलो. आम्ही विचारले, सभासद-साखर कुठे गेली? तेव्हा कळले की साखरेचे कार्ड दुकानदाराकडेच आहे. मागची बाकी राहिली म्हणून सवलतीची साखर तोच उचलतो. म्हणजे आपला ऊस, आपला कारखाना, आपल्या शेअरवर मिळणारी साखर, ती गेली दुकानात आणि आपण ती बाजारभावाने पाव-पाव किलो विकत आणतो! दोन दरांतला फरक प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे, तो आम्ही सांगायला नको. हे एकाच घरात घडते असेही नाही. आपापल्या घरातले कार्ड कोठे आहे ते आज बघावे.

दुसरी गोष्ट दराची. उधारीवर दुकानदार व्याज लावत नाही असे सगळे म्हणतात. पण वहीतल्या मालाचा दर रोखीपेक्षा थोडा वर होता. समजा १०० रुपयांचा माल उधारीत १०५ रुपयांना पडला आणि बाकी दोन महिन्यांनी फिटली, तर दोन महिन्यांना ५ टक्के, म्हणजे वर्षाला ३० टक्के व्याज झाले. आपण सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्य टक्क्याने पडते. उसाचे खत बिनव्याजी आणि पोटाची भाकरी ३० टक्क्यांनी, असा हा उलटा व्यवहार आहे. यात दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे भागवायचे असतात आणि अडीनडीला तोच उभा राहतो. पण त्याची वही फुकट नसते, एवढे ओळखून असावे.

तिसरी गोष्ट आम्हाला जास्त लागली. एप्रिलमध्ये दर आठवड्याला तूरडाळ एक किलो होती. जूनमध्ये ती अर्ध्या किलोवर आली. श्रावणात पाव किलो. चहाची पुडी, बिस्किटे, खारी मात्र जशीच्या तशी. घर चालवणाऱ्या बाईचा हात आखडला की पहिली काट बसते ती डाळीला. सासूबाई मागून म्हणाल्या, "डाळ पोरांच्या डब्याला आन् ह्याच्या ताटात. ही आपली चटणी-भाकरीवर भागवती. सांगून ऐकत न्हाई." वहिनी हसून म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया!" पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे. अंगात रक्त कमी आणि दिवसभर उसात भांगलण, असे आपल्या कित्येक घरांत चालले आहे. उसाला नत्र कमी पडले की पान पिवळे पडते आणि आपण लगेच युरियाच्या गोणीकडे धावतो. घरातल्या बाईचा पिवळा चेहरा आपल्या लक्षात येत नाही.

वर्षाला बाजार ५२

खरी अडचण अशी की नोकरदाराचा पगार महिन्याला, मजुराची मजुरी आठवड्याला आणि आपले बिल वर्षाला. बाजार मात्र सगळ्यांनाच आठवड्याला. म्हणून बिलाला ५२ ने भागायची सवय लावली पाहिजे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. वरच्याप्रमाणे हाती २,७०० रुपये धरले तर ४० टनांचे १,०८,००० रुपये. त्यातून सोसायटीचे कर्ज आणि पुढच्या पिकाचा खर्च मिळून ५६,००० रुपये बाजूला काढा. राहिले ५२,०००. भागिले ५२ बाजार, म्हणजे आठवड्याला १,००० रुपये. किराणा, भाजी, दवापाणी, शाळा, पाहुणेरावळे सगळे त्यातच. बिल जमा झाल्यावर पासबुकातला आकडा मोठा दिसतो आणि मोटारसायकलचा हप्ता सुचतो. ५२ ने भागले की खरा आकडा दिसतो. प्रत्येकाने आपापले टनेज आणि आपापला खर्च घालून हा भागाकार एकदा कागदावर करावा.

इथे कारखान्याच्या बाजूचेही बोलले पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल देणे कारखान्यांवर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. सभासदाने काटकसर करावी असे सांगणाऱ्या पानावर हेही छापले गेले पाहिजे, म्हणून लिहिले. बिल वेळेवर आले तरच वर्षाचा हिशेब मांडता येतो.

पहिल्या बिलातून बेगमी

आपल्या वाडवडिलांची वर्षाची बेगमी करण्याची रीत होती. ती मोडली आणि पुड्यांचा बाजार सुरू झाला. योग असा की उसाचे बिल येते त्याच दिवसांत नवे धान्य बाजारात येते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, शाळू आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. लाल मिरची आणि चिंचही उन्हाळ्याच्या तोंडालाच. हंगामात माल सहसा स्वस्त असतो आणि पारखून घेता येतो.

पाच माणसांच्या घरात आठवड्याला एक किलो डाळ धरली तर वर्षाला ५२ किलो. क्विंटलभर तुरीची साधारण ६५ ते ७० किलो डाळ पडते. म्हणजे ७५ ते ८० किलो तूर घेऊन भरडून आणली की वर्षाचा प्रश्न मिटला. एकदम एवढी झेपत नसेल तर निम्मी घ्यावी. डाळ-धान्याला दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, डाळीला एरंडेलाचा हात लावावा आणि घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ठेवावे. ओलसर माल भरला तर सोंडेकिडा बेगमी खाऊन टाकतो.

ज्यांचे रेशनकार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटात आहे त्यांनी रेशन सोडू नये. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. ते घरात आले की तेवढे पैसे डाळीला आणि तेलाला मोकळे होतात.

बाजारात गेल्यावर

कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी उभी राहिली की आपण किलोकिलोचा हिशेब मागतो, आणि मागावाच. तोच सभासद बाजारात गेला की काट्याकडे बघतसुद्धा नाही! खालील गोष्टी घरातल्या सगळ्यांनी पाळाव्यात.

१. यादी घरी करावी, आणि डबे उघडून बघून करावी. यादीत पहिली ओळ डाळ-कडधान्याची, दुसरी तेल-मिठाची, तिसरी पालेभाजीची, चौथी अंडी किंवा शेंगदाण्याची. चहा, बिस्किटे, खारी त्यानंतर. पैसे संपले तर यादी खालून कापावी, वरून नव्हे.

२. तराजूवर आणि वजनांवर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का बघावा. वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य आहे का ते बघावे, आणि टोपलीचे वजन वजा झाले का तेही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

३. पाकिटाची किंमत न बघता किलोचा दर काढावा. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. काही पिशव्या दिसायला लिटरच्याच, पण आत ८०० ग्रॅम असतात. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅमची १४० रुपयांना आहे. पहिली किलोला १६५ रुपये पडली, दुसरी १७५. दहा रुपये वाचले असे वाटते, प्रत्यक्षात किलोमागे दहा रुपये गेले.

४. लहान पुडी बहुधा महाग पडते. दहा रुपयांच्या पुडीत २५ ग्रॅम चहा असला तर तो किलोला ४०० रुपये झाला. पण हा नियम सगळीकडे लावू नये. शाम्पूची पुडीच कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. भागाकार केल्याशिवाय कळत नाही, आणि तो आता शाळेतले पोरही मोबाईलवर करून देते.

५. छापील किंमत ही सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत असते. तेवढीच द्यावी असे नाही. चार दुकानांत विचारून बघावे.

६. पालेभाजी उतरत्या बाजारात, दिवेलागणीला स्वस्त मिळते. पण निवडून घ्यावी. निम्मी टाकावी लागली तर स्वस्ताई कसली?

७. लेकरांची भजी किंवा जिलेबी यादीतच लिहावी. दहा-वीस रुपयांसाठी पोरांना रडवत घरी आणू नये. यादीत असले की ते उधळपट्टीत जात नाही.

बाजार उसातूनच निघतो

आता आमच्या खात्याचा विषय. नुसत्या काटकसरीला मर्यादा आहे. आठवड्याचा खर्च भागवायचा तर आठवड्याला काहीतरी उत्पन्नही पाहिजे, आणि ते उसातच मिळू शकते. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर ही पूर्वहंगामी लागणीची वेळ. रुंद सरी किंवा पट्टा पद्धत ठेवली तर पहिले तीन-चार महिने मधली जागा मोकळी असते. मेथी ३० दिवसांत, कोथिंबीर आणि मुळा ४० ते ४५ दिवसांत निघतो. कांदा, हरभरा, कोबी, फ्लॉवर हीही पिके घेता येतात. सुरू लागणीत भुईमूग किंवा उन्हाळी भाजी, आडसालीत सोयाबीन, चवळी किंवा भुईमूग घ्यावा.

मात्र सगळी मेथी एका दिवशी टाकू नये. एका दिवशी टाकली की एका दिवशी निघते आणि बाजारात मातीमोल जाते. दर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन सऱ्या टाकाव्यात, म्हणजे दर बाजाराला पेंढ्या निघतात. आंतरपिकाला त्याचे स्वतंत्र खत द्यावे, उसाच्या तोंडचे काढून देऊ नये. उसात मारायची बरीच तणनाशके भाजीपाला जाळतात, म्हणून त्या पट्ट्यात ती मारू नयेत. मक्यासारखे उंच आणि खादाड पीक आत घेऊ नये. मोठ्या बांधणीपूर्वी रान मोकळे झाले पाहिजे. बांधाला दोन शेवगे, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर दोडका-घेवडा. एवढ्यात घरची भाजी भागते.

एकट्याला जमत नाही ते दहा घरांना जमते. गावातल्या बचत गटाने तेलाचे १५ किलोचे डबे, डाळ आणि साबण घाऊक बाजारातून एकत्र आणून वाटून घेतले तर दरात फरक पडतो. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने 'वारणा बाजार' हे सहकारी ग्राहक भांडार उभे राहिले ते याच विचारातून. ऊस एकत्र गाळायला आपण शिकलो. किराणा एकत्र घ्यायला अवघड ते काय आहे?

त्या घराचे पुढे काय झाले

त्या सभासदांनी सोयाबीन निघाल्यावर २० गुंठ्यांत पूर्वहंगामी लागण केली आणि सरीच्या बगलेला कांदा, मेथी, कोथिंबीर लावली. सगळे आमच्या म्हणण्याप्रमाणे झाले असे मात्र नाही. कांद्याला दर मिळाला नाही, काढणीची मजुरी कशीबशी निघाली. मेथी-कोथिंबिरीने डिसेंबरापासून दर बाजाराला हात दिला. फेब्रुवारीत बिल आल्यावर पहिल्यांदा दुकानदाराची बाकी भागवली आणि साखरेचे कार्ड परत आणले. मग तूर आणि शाळू भरला. मोटारसायकलचा बेत पुढे ढकलला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता असे कळते. उधारी अजून पूर्ण सुटलेली नाही. पावसाळ्यात दोन महिने वही पुन्हा उघडावी लागली, पण पानावर डाळीची ओळ नव्हती, कारण डाळ घरच्या पिंपात होती.

यंदा गौरीच्या आधी आम्ही पुन्हा त्या रानात गेलो. खोडवा होता. तोडलेल्या कोपऱ्यातले फुटवे जरा मागे होते, पण कोपरा उभा होता. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बसा साहेब, आज चहात साखर कारखान्याची हाय."

सभासद बंधूंना एकच विनंती. पुढचे बिल जमा होईल त्या दिवशी रात्री जेवणे झाली की बायकोला, आईला जवळ बसवावे, वही-पेन्सिल घ्यावी आणि ५२ ने भागाकार करावा. आकडा थोडा निघाला तरी घाबरू नये, आणि तो घरापासून लपवू तर मुळीच नये. ज्यांना आंतरपिकाचे नियोजन बसवायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात यावे. येताना सातबारा-नोंदीबरोबर किराण्याची वही आणली तरी चालेल. आम्ही तीही बघू.